उलटा हात

घोड्याचा पाय गरम आहे का, हे तळहाताने बघायचं नसतं. हात उलटा करायचा. बोटांची मागची बाजू, जिथे कातडी पातळ असते, ती पुढच्या गुडघ्याखाली टेकवायची आणि नळीमागच्या शिरेवरून सावकाश खाली, पार खुरापर्यंत न्यायची. मग तसंच शेजारच्या पायाला. "गरम म्हणजे कशापेक्षा गरम?" नाना विचारतात. "एका पायावरनं काय कळणार? जोडीदाराला विचारायला नको?"

तळहात का नको, तेही त्यांनीच सांगितलं. "तो कामाचा हो. त्याला काही कळत नाही." चाळीस वर्षं खरारा, घमेलं आणि दोर धरलेला त्यांचा तळहात मी पाहिला होता. वाद घालायला जागा नव्हती.

नाना पुण्याजवळच्या एका रायडिंग क्लबात सईस आहेत. जुन्या मराठीत मोतद्दार म्हणत. क्लबाच्या पगारपत्रकात 'ग्रूम' लिहितात, पण पागेत सगळे सईसच म्हणतात. मी नानांची मास्तरीण होते. बारा आठवडे शिकवलं, पेपर काढला, तपासला आणि नानांना 50 पैकी 9 मार्क दिले. नापास.

हे लिहायला घेतलंय ते त्या नऊ मार्कांपायी.

त्याचं असं झालं. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. भाची त्या क्लबात घोडेस्वारी शिकायची आणि रविवारी तिला सोडायचं काम माझ्याकडे होतं. तिचा तास होईपर्यंत मी पागेत हिंडायचे, सईसांशी गप्पा मारायचे. एकदा क्लबाच्या सेक्रेटरींनी गाठलं. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, पैसे आलेत, म्हणाले, सईसांसाठी आणि आसपासच्या गावांतल्या पोरापोरींसाठी वर्ग काढायचाय, तुम्हाला शिकवण्यातलं कळतं, अभ्यासक्रम तेवढा बसवून द्या. पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'सर्वांसाठी खुला'. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं.

मग मी जे येतं ते केलं. शरीररचना, पचनसंस्था, आहार, रोग, प्रथमोपचार. दुपारी घोडे विश्रांती घेतात त्या दोन तासांत, क्लबाच्या मीटिंगरूममध्ये, पडद्यावर चित्रं लावून. शेवटी लेखी परीक्षा, कारण कंपनीला प्रमाणपत्रांचा आकडा हवा होता आणि परीक्षेवाचून प्रमाणपत्र देणं माझ्यातल्या शिक्षिकेला पटेना. प्रश्न चांगल्या मराठीत होते, याचा मला अभिमानसुद्धा होता. घोड्याचं सामान्य तापमान किती? (37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस.) विश्रांतीत नाडीचे ठोके मिनिटाला किती? (28 ते 44.) घोड्याला उलटी का होत नाही? पुढच्या पायातल्या दोन मुख्य कंडरांची नावं लिहा. (कंडरा म्हणजे पागेतल्या भाषेत शीर.)

सतरा जण बसले, सहा जण नापास झाले. सहाही जण पंचेचाळिशीच्या पुढचे, सहाही जण हयात पागेत घालवलेले. पहिला आला तो बी.कॉम. झालेला मुलगा. त्याला 42 मिळाले. घोड्याच्या मागून जायची वेळ आली की तो तेव्हाही पाठ भिंतीला घासत जायचा.

निकालाच्या दिवशी नाना रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, पेपरात पायाचा प्रश्न नव्हता का?"

"होता की. चौथा. कंडरांची नावं."

"तो पायाचा होता होय?" म्हणाले, आणि बादली उचलून चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी पागेत गेले. जुलै महिना, झिमझिम पाऊस, पत्र्यावर थेंबांचा आवाज आणि ओल्या लसूणघासाचा वास. नानांना म्हटलं, पायाचा प्रश्न तुम्ही काढला असता तर काय काढला असता? त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग हात उलटा केला.

त्या दिवसापासून दोनेक महिने मी नानांची विद्यार्थिनी होते. ते सकाळी पागेत शिरतात तेव्हा घोड्याला हातसुद्धा लावत नाहीत. आधी तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, बघतात. कुणी रात्रीचा दाणा अर्धा टाकलाय? मग लीद. मग अंगाला भुसा कुठल्या बाजूला चिकटलाय, म्हणजे रात्री तो कुठल्या कुशीवर बसला, का बसलाच नाही. बसला नाही तर का नाही? हे सगळं कडी काढायच्या आत झालेलं असतं. पाय सगळ्यात शेवटी. पायाला पट्टी बांधायची तर दाब वरपासून खालपर्यंत एकसारखा हवा. एका वेढ्याला जास्त बसला तर तिथली शीर सुजते आणि घोडा महिनोन्महिने बसून राहतो. माझ्या पडद्यावर यावर एकच ओळ होती: 'पट्टी घट्ट असावी, पण फार घट्ट नसावी.' आता ती आठवली तरी लाज वाटते. घट्ट म्हणजे कशापेक्षा घट्ट? नाना पट्टीखाली बोट घालून दाखवतात. एक बोट गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये.

म्हणजे ज्ञान नव्हतं असं नव्हे. मी ते ज्या दाराशी उभी राहून मागत होते, त्या दारातून ते बाहेर येत नव्हतं. आणि या ज्ञानाला कागद नाही, ही गोष्ट वाटते तितकी भावनिक नाही, पगाराची आहे. रेसकोर्सच्या तबेल्यांत निदान एक उतरंड ठरलेली आहे: सईस, रायडिंग बॉय, सगळ्यांवर देखरेख करणारा जमादार. आमच्यासारख्या क्लबात तेवढीही नाही. नाना विशीत सईस होते, साठीत सईस आहेत. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेली दोन पोरं आखातात तबेल्यात लागली. इंग्लंडात न्यूमार्केट या रेसच्या गावी तर घोड्यांना सराव देणारे भारतीय स्वार बरेच आहेत. तिथे जायला कागद लागतो, इंग्रजी लागतं. घोड्याला यातलं काही लागत नाही.

आता जरा घोड्याच्या पाठीबद्दल बोलायला हवं, कारण खरं घोडं तिथेच अडलेलं आहे.

जलतरण तलावात एक पोर वाढलं म्हणून पाणी दमत नाही. वर्गात बाक वाढवता येतो. घोड्याचं तसं नाही. तो दिवसात दोन, फार तर तीन तास नवशिक्यांना पाठीवर घेईल. त्यापुढे त्याची पाठ धरते, तोंड कडक होतं म्हणजे लगामाला दाद देईनासं होतं, स्वभाव बिघडतो. म्हणजे शिकण्याचा प्रत्येक तास कुणाच्या तरी पाठीतून येतो आणि त्या तासांची संख्या ठरलेली असते. ते तास कुणाला द्यायचे, एवढाच या खेळातला मूळ प्रश्न आहे. आमच्या क्लबात त्याचं उत्तर दरपत्रकावर लिहिलेलं आहे. जो पैसे भरतो तो बसतो. जो घोडा ओळखतो तो लगाम धरून खाली चालतो. नाना इतकी वर्षं घोड्यांशेजारून चालले आहेत, पण खोगिरात शेवटचं कधी बसलो ते त्यांना नीट आठवत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचं एक जुनं उत्तर होतं आणि ते आपण शाळेत इतिहास म्हणून पाठ करून विसरलो. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार: शिलेदार आणि बारगीर. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन यायचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. मला या हिशेबातला पखालजी आणि नालबंद फार आवडतो. स्वार मोजताना पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा त्याच दमात मोजलेला आहे. शिवाय शिलेदारांना पागेच्या हाताखाली ठेवलेलं होतं, घोडा स्वतःचा असला तरी.

म्हणजे ज्याच्या बापाकडे घोडा नाही असा शेतकऱ्याचा पोरगा स्वार होऊ शकत होता. आज गंमत बघा, 'शिलेदार' हा शब्द टिकला. वर्तमानपत्रात रोज कुणी ना कुणी कुठल्या तरी पक्षाचा शिलेदार असतो. बारगीर मात्र कुणी कुणाला म्हणत नाही.

खेळातही हेच झालं. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताने घोडेस्वारीत सुवर्णपदकं जिंकली. इव्हेंटिंगमध्ये, म्हणजे तीन कसोट्या मिळून होणाऱ्या स्पर्धेत, वैयक्तिक सुवर्ण रघुबीर सिंग यांचं, सांघिकही आपलंच. ते लष्करातले स्वार होते, 61 कॅव्हलरीसारख्या रिसाल्यात घडलेले. घोडे सरकारचे. म्हणजे सगळे बारगीर! त्यानंतर या खेळात पुढचं सुवर्ण यायला 41 वर्षं लागली. 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियाडला सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या आखीव चालींच्या स्पर्धेचं, सांघिक सुवर्ण आणलं. चौघंही युरोपात वर्षानुवर्षं राहून, घाम गाळून तयार झालेली मुलं आहेत आणि त्यांचं कौतुक करताना माझा हात आखडत नाही. पण तो काळ, ते घोडे, ते युरोपातलं राहणं, हे शिलेदारालाच परवडणारं आहे. त्या दिवशी आमच्या क्लबात पेढे वाटले. नानांनी पेढा घेतला आणि विचारलं, "घोडा कुठला होता?" मला सांगता आलं नाही. मी स्वारांची नावं पाठ केली होती.

हा खेळ मुळातच बड्यांचा, असं म्हणून लोक विषय संपवतात. मूळ तरी काय होतं ते एकदा बघावं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण स्वीडनने जिंकलं. त्यांच्या संघात गेनाल पेर्सन नावाचा एक सार्जंट होता. नियम असा की लष्करातून येणारा स्वार अधिकारी दर्जाचाच हवा. म्हणून स्पर्धेपुरती त्याला लेफ्टनंटची बढती दिली आणि स्पर्धा संपताच पुन्हा सार्जंट केलं. ही चलाखी उघड झाल्यावर 1949 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीडनचं सुवर्ण काढून घेतलं आणि ते फ्रान्सला गेलं. घोडा तोच, स्वार तोच, चाल तीच. खांद्यावरची पट्टी तेवढी चुकली. मग नियम बदलला. 1952 ला हेलसिंकीत स्वीडनने परत सुवर्ण घेतलं, संघात पेर्सन होता. 1956 ला पुन्हा. त्याच हेलसिंकीत ड्रेसाजमध्ये स्त्रियांना पहिल्यांदा उतरू दिलं आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी वैयक्तिक रौप्य जिंकलं. पोलिओमुळे त्यांच्या गुडघ्यांखाली ताकद नव्हती, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. चार वर्षांपूर्वी त्या ऑलिंपिकच्या फाटकातून आतही येऊ शकल्या नसत्या.

ही गोष्ट मी सईसांच्या वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे सार्जंटचे पैसे देऊन लेफ्टनंटचं काम." सगळे हसले. मीही हसले, पण सेक्रेटरी हसले नाहीत.

रेसच्या धंद्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पैज लावून धुळीला मिळालेली घरं मी पाहिली आहेत. तरी एक गोष्ट त्या धंद्याला कळली आहे, ती आमच्या क्लबाला कळलेली नाही. नवशिक्याला कुणी आपणहून संधी देत नसतं, तिची किंमत नियमात बसवावी लागते. शिकाऊ जॉकी घोड्यावर बसला की घोड्यावरचं ठरलेलं वजन कमी करतात. ब्रिटनमध्ये सपाट, म्हणजे अडथळे नसलेल्या, शर्यतींत पहिले 20 विजय होईपर्यंत 7 पौंडांची सूट, मग 50 विजयांपर्यंत 5, पुढे 95 पर्यंत 3. आपल्याकडेही शिकाऊंना अशी सूट असते. प्रशिक्षकाला शिकाऊ पोराचा कळवळा असायची गरज नाही. घोडा तीन किलोंहून जरा जास्त हलक्या ओझ्याने पळवायला मिळतो म्हणून तो त्याला बसवतो, आणि बसता बसता पोरगं शिकतं. जिंकायला लागलं की सूट आपोआप सुटत जाते. फ्रान्सने 2017 मध्ये हाच हिशेब स्त्री जॉकींना लावला, बहुतेक शर्यतींत 2 किलोंची सूट दिली. पुढच्या वर्षी ती दीड किलोवर आणली. त्यावर पुष्कळ वाद झाले, खुद्द काही स्त्री जॉकींना ते अपमानाचं वाटलं. मला त्यांचं म्हणणं समजतं. पण ज्या मुलींना आधी कुणी घोडाच देत नव्हतं, त्यांना घोडे मिळायला लागले, हेही खरं.

मुलींवरून आठवलं. आमच्या वर्गाच्या दुसऱ्या तुकडीत एक मुलगी आली, एकोणीस वर्षांची, खेड तालुक्यातली. खरं तर ती क्लबाच्या कँटीनमध्ये कामाला म्हणून आली होती. मुलगी सईस होऊ शकते हे कुणाच्या डोक्यात नव्हतं, तिच्याही नसावं. एकदा मोकाट सुटलेलं एक शिंगरू तिने कँटीनच्या दारातून पुढे होऊन धरलं. धरलं म्हणजे पळत जाऊन नव्हे. ती नुसती त्याच्या वाटेत तिरपी उभी राहिली, पाठ अर्धी त्याच्याकडे करून. ते थांबलं, येऊन तिच्या खांद्याला हुंगायला लागलं. नानांनी हे लांबून पाहिलं आणि मला म्हणाले, "हिच्या घरी घोडी असणार."

घोडी होतीच. खेड, आंबेगाव, जुन्नर या बाजूच्या घाटातल्या बैलगाडा शर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. चढाचा घाट, भंडाऱ्याने पिवळे झालेले बैल, आणि त्या बैलांच्या पुढे जीव खाऊन पळणारी घोडी. निमगावच्या खंडोबाच्या घाटात मी एकदा ती बारी पाहिली आहे. बारा-पंधरा सेकंदांचा खेळ. पोटात गोळा येतो. घोडीवरचं पोरगं विशीच्या आतलं, मागून बैलांची धडधड, आणि स्पीकरवर ओरडणाऱ्याचा घसा फाटायला आलेला. हिचा भाऊ घोडीवर बसायचा. घाटात तो, पण रोज पहाटे घोडीला नदीवर नेणं, रान दाखवणं, दम वाढवणं हे हिचं काम. ती नऊ-दहा वर्षांची असताना, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. घरात घोडीला खायला घालणं परवडेना, विकली. 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाल्यावर वडिलांनी दुसरी घेतली. "पहिलीसारखी नाही," ती म्हणते. बैलगाडा शर्यती असाव्यात की नसाव्यात यावर माझ्याच घरात दोन तट आहेत, त्यात मी इथे शिरत नाही. पण घोडेस्वारीच्या खेळाला माणसं कुठून मिळणार म्हणून जे हळहळतात, त्यांनी एकदा चैत्रातल्या जत्रांना जाऊन घोडीवर कोण बसलंय ते बघावं.

तिला वर्गात घेतलं, आणि घेतल्यावर लक्षात आलं की 'सर्वांसाठी खुला' म्हणताना आम्ही संडासाचा विचारच केला नव्हता. पागेच्या बाजूला जो होता तो पुरुषांचा, त्याला कडी नाही. बायकांचा होता क्लबहाऊसमध्ये, तिथे स्टाफला मज्जाव. सईसांच्या खोल्या पागेला लागून, एकेका खोलीत चौघं, कारण पहाटे साडेचारला पहिला दाणा आणि रात्री दहाला शेवटची फेरी. ती झोपणार कुठे? सेक्रेटरींनी धोरण, समिती वगैरे शब्द काढले. आमच्या कँटीनच्या मावशींनी दोन दिवसांत स्टोअररूममधली पोती हलवून तिथे खाट टाकली आणि क्लबहाऊसच्या संडासाची एक किल्ली करून घेतली. समिती नेमायची आहे, असं ऐकते.

खोगिरात ती पहिल्यांदा बसली तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, हिची बैठक मोडायला सहा महिने जातील. पोतं टाकून बसायची सवय, पाय रिकिबीत ठरेनात, पाठ पुढे. बरोबरच होतं त्यांचं. पण तिच्या हातांबद्दल ते काही बोलले नाहीत. तिच्या हातात आमची सगळ्यात कडक तोंडाची घोडी, चिमणी, मान खाली सोडून चालत होती.

एकदा तिला मी मोबाइलवर खदिजा मेला दाखवली. लंडनच्या पेकहॅममधली शाळकरी मुलगी, ब्रिक्सटनच्या एबनी हॉर्स क्लबात घोड्यावर बसायला शिकली. हा क्लब वस्तीतल्या मुलांसाठीच चालतो. 2019 च्या वसंतापर्यंत ती रेसच्या घोड्यावर कधी बसलेली नव्हती. न्यूमार्केटच्या ब्रिटिश रेसिंग स्कूलमध्ये तिने तयारी केली आणि त्याच वर्षी 1 ऑगस्टला गुडवूडच्या रेसकोर्सवर मॅग्नोलिया कप ही शर्यत जिंकली, हेल्मेटखाली हिजाब घालून. तिच्यावरून पुढे 2021 मध्ये रायडिंग अ ड्रीम अकॅडमी निघाली, जिच्यातून अशाच घरांतली मुलं या धंद्यात येतात. आमच्या पोरीने शर्यत दोनदा पाहिली. मी थांबले होते की आता ती काहीतरी भारावून बोलेल. तिने विचारलं, "हिला घोडा कुणी दिला?"

बरोबर प्रश्न. हॅवरलँड त्या घोड्याचं नाव, हे मी या वेळी वाचून ठेवलं होतं. पण तिला नाव नको होतं.

आणखी एक गोष्ट राहून राहून टोचते. आमच्या क्लबात शनिवारी खास मुलं येतात, डाउन सिंड्रोमची, ऑटिझमची. घोड्यावर बसवून त्यांना फिरवतात. उपक्रम चांगला आहे, पालकांच्या चेहऱ्यावर ते दिसतं. मात्र ही मुलं इथे येतात ती पेशंट म्हणून. त्यातलं कुणी मोठं होऊन इथे नोकरीला लागेल, हे मला तरी सुचलं नव्हतं. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातली मेलबर्न कप ही शर्यत मिशेल पेनने जिंकली, ती शर्यत जिंकणारी पहिली स्त्री. घोडा प्रिन्स ऑफ पेन्झान्स, भाव एकाला शंभर, म्हणजे जिंकेल असं कुणालाच वाटत नव्हतं. त्या घोड्याचा सईस तिचा भाऊ स्टीव्ही होता. स्टीव्हीला डाउन सिंड्रोम आहे. शर्यतीआधीच्या सोडतीत घोडा सुटतो त्या फाटकाचा नंबर काढायला गेला तोच, आणि त्याने एक नंबर काढला. जगभर फोटो आले. फोटो सोडा. मला त्यातली साधी गोष्ट धरून ठेवावीशी वाटते: तो तबेल्यात रोज कामावर जायचा.

दुसऱ्या तुकडीची परीक्षा मी वेगळी घेतली. सेक्रेटरींना समजवायला तीन बैठका लागल्या. कंपनीच्या बाईंना मात्र लगेच पटलं, कारण पागेत फोटो छान येणार होते. पाच घोडे, पाच कामं. लिहायचं काही नाही, करून दाखवायचं आणि विचारलं तर तोंडी सांगायचं. परीक्षक दोन: मी आणि नाना. नानांना मोठ्या चौकोनांचा तक्ता करून दिला, प्रत्येक कामाचं चित्र, पुढे मार्कांचे गोळे, तेवढे रंगवायचे. नापासांपैकी नाना सोडून बाकी पाच जणांनी पुन्हा परीक्षा दिली. नानांना मी दे म्हटलं नाही. जिच्यावर त्यांची सही आहे ती परीक्षा ते कशी देणार?

फेब्रुवारीतली सकाळ, नऊ वाजलेले. चिमणी बाहेर खुंट्याला बांधलेली. मुलीचा नंबर आला. तिने आधी तोबऱ्यात डोकावून पाहिलं. मग वाकून हात उलटा केला, उजव्या पायावरून खाली नेला, मग डाव्या. पुन्हा उजव्या. पुन्हा डाव्या.

"डावा गरम लागतोय," ती म्हणाली. मी पेन उचललं, कारण आम्ही काहीच दुखणं ठेवलं नव्हतं. पाय दोन्ही चांगले होते.

"पण ऊन त्याच बाजूनं येतंय," ती म्हणाली. चिमणीला सोडून तिने पत्र्याच्या सावलीत नेलं, तिथे बांधलं आणि शेजारी उभी राहिली. काही बोलेना. मी घड्याळ बघितलं, मागे अजून सात जण थांबले होते. पाचेक मिनिटांनी ती परत वाकली, दोन्ही पायांवरून उलटा हात फिरवला आणि म्हणाली, "काही नाही. दोन्ही सारखे."

नाना तक्त्याकडे बघत होते. पायाच्या चित्रापुढचे गोळे त्यांनी रंगवले, मग खडू तसाच धरून माझ्याकडे वळले.

"मॅडम, थांबली त्याचे किती?"

मी तक्ता पाहिला. पाय तपासण्याचे दोन होते. थांबण्याचा चौकोन मी आखलाच नव्हता.

"पायाचे दोन, नाना. त्यातच धरायचं."

"दोनच?"